‘गुड समॅरिटन’ म्हणजे नक्की कोण? बोरघाटापासून केडगावपर्यंत

पोस्ट लांबलीय. पण विषय दोन ओळींत संपणारा नाही, म्हणून सवडीने वाचा.

आपला खालापूर तालुका म्हणजे एक्सप्रेसवे, जुना हायवे आणि मधे बोरघाट. अपघाताची बातमी आली नाही असा आठवडा जात नाही. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे शिंग्रोबाच्या देवळाजवळ बस दरीत कोसळली आणि गोरेगावच्या वादक पथकातली पोरं गेली. १३ जण दगावले. त्या दरीत दोर लावून उतरणारे बरेचसे आपलेच होते. खोपोलीचे ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’चे कार्यकर्ते, यशवंती हायकर्सची मुलं, आसपासचे गावकरी. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हाही अंधारात, पावसात चिखलाची वाट चढून वर जाणारे हेच लोक होते.

अशा माणसाला आपल्या कायद्यात एक नाव आहे, ‘गुड समॅरिटन’. सुप्रीम कोर्टाने ३० मार्च २०१६ ला या मदतनीसांच्या संरक्षणाचे नियम सगळ्या देशाला बंधनकारक केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. जखमीला दवाखान्यात पोचवलंत तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी नाही. पोलिसांना नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही. पुढे सरकारने बक्षीसही सुरू केलं, आधी ५ हजार आणि २०२५ पासून ‘राह-वीर’ नावाने २५ हजार.

पण हा समॅरिटन कोण, असं विचारलं तर चारचौघांत शांतता पसरते. मी काही जणांना विचारून बघितलं. एक जण म्हणाला, कुणी इंग्रज साहेब असेल. बरं, कायद्यातही त्याची ओळख दिलेली नाही.

हा शब्द बायबलमधला आहे. येशूने सांगितलेली गोष्ट आहे, लूकच्या शुभवर्तमानात येते. मराठी बायबलमध्ये या माणसाला ‘शोमरोनी’ म्हणतात. गोष्ट अशी. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता. हाही घाटरस्ताच, सुमारे हजार मीटर खाली उतरणारा, निर्जन, चोरांचा. एका वाटसरूला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलाय. एक याजक, म्हणजे पुजारी, येतो आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून जातो. मंदिराची सेवा करणारा एक लेवी येतो, तोही तसाच जातो. मग येतो शोमरोनी. ज्यू लोक या शोमरोन्यांना बाटगे समजायचे, त्यांच्याशी रोटीव्यवहार ठेवायचे नाहीत. हा माणूस थांबतो, जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्टी बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो, धर्मशाळेत नेतो, आणि धर्मशाळेवाल्याला पैसे देऊन सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.

येशूने ही गोष्ट सांगितली ती एका धर्मशास्त्र्याच्या प्रश्नावर. माझा शेजारी कोण, असं त्याने विचारलं होतं. उत्तरात आलेला नायक परका, हलका समजला जाणारा, चुकीच्या देवळात जाणारा. आणि त्याने जखमीला धर्म विचारला नाही.

आता या शोमरोन्यांच्याच एका दुसऱ्या गोष्टीकडे येतो. त्या गोष्टीने महाराष्ट्राच्या एका लेकीचं आयुष्य बदललं, आणि तिच्यामुळे हजारो बायकांचं. ती लेक म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात रमाबाईंवर चार ओळी असतात. विधवांसाठी काम केलं, शारदा सदन काढलं, ख्रिस्ती झाल्या. मधलं सगळं गाळलेलं. म्हणून ते जरा नीट सांगतो.

जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. घर सोडून कुटुंब तीर्थांच्या गावी पुराण सांगत फिरायचं. १८७० च्या दशकात मद्रासकडच्या दुष्काळात उपासमारीने आधी वडील गेले, पाठोपाठ आई, नंतर मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी फिरत १८७८ ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० ला भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८१ ला मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला.

म्हणजे तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, माहेर नाही, सासर नाही. त्या काळात अशा बाईचं काय होत असे ते वेगळं सांगायला नको.

रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, हंटर कमिशनपुढे उभं राहून मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत असं सांगितलं. पुस्तकाच्या विक्रीतून पैसे उभे करून १८८३ ला वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टर होणं राहिलं. वाँटेज गावी ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांच्या संघाचं काम पुण्यात पंचहौदलाही होतं.

त्या भगिनींनी रमाबाईंना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं घर दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या. भगिनी त्यांची सेवा करत होत्या, आजारपण काढत होत्या, आणि सावरलेल्या बायका पुढे दुसऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी, भर दुपारी एकटी पाण्याला येणारी बाई. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, तिच्याशी बरोबरीने बोलतो, धर्मातल्या सगळ्यात खोल गोष्टी तिला सांगतो. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली. तिथे त्या म्हणतात की आपलं मन वळलं ते या ठिकाणी. कोऱ्या धर्मचर्चेने वळलं नव्हतं. आधी सेवा दिसली, मग त्या सेवेमागचा देव कोण याची चौकशी केली.

त्या असंही लिहितात की अशा बायकांसाठी आपल्या देशात कुणी काही केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. इथे एक नोंद करायला हवी. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच, म्हणजे बोरघाटातून रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. तेव्हा आपल्याकडे काहीच नव्हतं असं म्हणणं फुल्यांवर अन्याय होईल. पण फुल्यांना तरी समाजाने कुठे आपलं म्हटलं होतं? रमाबाई ख्रिस्ती झाल्यावर सनातन्यांनी आणि सुधारकांनीही कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेणारे जोतीरावच होते.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून त्या इंग्रजांच्या हातचं बाहुलं झाल्या का? अजिबात नाही. मांसाहार केला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत म्हणून वाद घातला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं मोठमोठ्या बिशपांनी सुचवलं, तर खडसावून विचारलं की का नको. चर्चने सांगितलं म्हणून मान्य, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या बायकांच्या हालांबद्दल त्यांनी मुंबईच्या ख्रिस्ती वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टला त्याला उत्तर द्यावं लागलं. सरकारचा धर्म आणि आपला धर्म एकच, म्हणून सरकारची बाजू घ्यायची असं त्यांनी केलं नाही.

अमेरिकेत व्याख्यानं देऊन आणि १८८७ ला इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला. बॉस्टनच्या लोकांनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं. अट अशी की संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिली विद्यार्थिनी होती गोदूबाई, बालविधवा. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्याला हललं. तेव्हाही मुंबईहून पुण्याची रेल्वे ही अशीच, कर्जतवरून घाट चढून जाणारी.

सदनात मुलींना आपापले जातीचे, सोवळ्याओवळ्याचे नियम पाळायची मुभा होती. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. यावरून १८९३ ला वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या.

रानडे-भांडारकरांची बाजू समजून घेतली पाहिजे. ते काही रमाबाईंचे शत्रू नव्हते. पालकांना शब्द दिला होता की इथे धर्म शिकवला जाणार नाही, तो शब्द पाळला जात नाही असं त्यांना वाटलं. दहा-बारा वर्षांची, सगळ्यांनी टाकलेली मुलगी आणि तिला पहिल्यांदा माया लावणारी बाई, यांच्यात ‘मोकळी निवड’ कितपत असते, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझी प्रार्थना मी दार लावून का करू? दोन्ही बाजूंत तथ्य होतं. गावोगाव चर्चा मात्र एकाच बाजूची झाली.

आणि त्याच १८९३ च्या मार्चमध्ये, त्याच सदनातली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. त्याच आपल्या आनंदीबाई, बाया कर्वे. ख्रिस्ती झाल्या नाहीत. अण्णासाहेबांच्या विधवांच्या आश्रमासाठी त्यांनी उभा जन्म वर्गण्या गोळा केल्या. हिंगण्याचं काम आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. त्याच्या मुळाशी रमाबाईंच्या शाळेत शिकलेली एक बाई होती, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती आणि अनाथ मुलींना विकत घेणारे दलाल फिरत होते. रमाबाईंनी उपासमार पुस्तकात वाचलेली नव्हती, आई-बाप-बहीण डोळ्यांदेखत गेलेले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, सरकार इतक्या मुलींना शहरात ठेवू देईना. दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. उघड्या माळावर, तंबूत, झाडाखाली मुलींना उतरवलं. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी झाली.

१९०० च्या आसपास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलींची भर पडली आणि केडगावला सुमारे दोन हजार माणसं राहायला लागली. दोन हजारांचं रोज दोन वेळचं जेवण, पाणी, कपडे, औषध. विहिरी खणल्या. शेती, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायला शिकल्या. अंध मुलींसाठी वेगळी शाळा झाली. मनोरमाबाईंनी तिथे ब्रेल शिकवलं. आणि १८९९ च्या सुमाराला ‘कृपा सदन’ निघालं, समाजाने टाकलेल्या, फसवलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलेलं घर सोळा वर्षांनी आपल्या मातीत उभं राहिलं.

दहा वर्षांचा बॉस्टनचा करार संपला आणि केडगावचं काम उघडपणे ख्रिस्ती झालं. दुष्काळातून आलेल्या शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. यावर टीका करणाऱ्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. ज्या मुलीला दुसरं घरच नाही, तिने त्या घराचा धर्म घेतला तर तो तिने कितपत निवडला? हा हिशेब रमाबाईंच्या खात्यावर मांडायलाच हवा. पण दुसऱ्या बाजूचाही प्रश्न विचारा. दलाल त्या मुलींना नेत होते तेव्हा त्यांच्या धर्माची काळजी करणारे किती जण त्या माळरानावर गेले होते?

शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. पंडिताऊ मराठी केडगावच्या बायकांना कळत नव्हती, म्हणून स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई त्यांच्याच छापखान्यात, जुळारी बायकाच. २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. सरकारने १९१९ ला कैसर-ए-हिंद पदक दिलं, स्वतंत्र भारताने १९८९ ला टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आता हे सगळं खालापुरात बसून का लिहितोय?

कारण आपल्याकडे ठाकरवाडीत, कातकरीवाडीत कुणी गोळ्या-औषधं, वह्या-पुस्तकं, धान्य घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या धर्माचा आहे? दुसरा प्रश्न, धर्मांतराला तर आला नाही ना? प्रश्न विचारू नये असं मी म्हणत नाही. वीस वर्षं बातमीदारी करतोय, प्रश्न विचारणं हे माझं पोट आहे. पण प्रश्न बरोबर विचारावेत. रमाबाईंच्या आयुष्यावरून मला तीन प्रश्न सुचतात, आणि ते प्रत्येक मदतवाल्याला लावता येतात, मग तो मिशनरी असो, मठवाला असो, पक्षवाला असो की कंपनीच्या सीएसआरचा माणूस.

पहिला, मदत घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं का? देवळात, चर्चमध्ये, सभेला, मिरवणुकीला आला नाही तर धान्याची पिशवी बंद होते का? बंद होत असेल तर त्याला सेवा म्हणू नका, तो सौदा झाला. शारदा सदनात गोदूबाई हिंदू राहिली आणि तरी शिकली, ही रमाबाईंची जमेची बाजू. दुष्काळातल्या अनाथ मुलींच्या बाबतीत ती बाजू लंगडी पडते.

दुसरा, फोटो काढून झाल्यावर कोण थांबतं? शोमरोन्याने जखमीला नुसतं उचललं नाही, पुढच्या खर्चाचीही हमी घेतली. इर्शाळवाडीच्या वेळी चौकला मदतीच्या गाड्यांची रांग लागली होती. सहा महिन्यांनी किती गाड्या आल्या, ते तिथल्या लोकांना विचारा.

तिसरा, मदत घेतलेला माणूस उद्या स्वतःच्या पायावर उभा राहतो की कायम हात पसरतो? केडगावच्या बायका शेत आणि छापखाना चालवायला शिकल्या. जिला माळावरून आणली, ती पुढे दुसरीला सावरायला लागली.

या तीन प्रश्नांत पास होणारा माणूस कुठल्या देवाचं नाव घेतो, याने मला फरक पडत नाही. त्याने देवाचं नाव लपवावं असंही वाटत नाही. रमाबाईंना कुणी विचारलं की हे का करता, तर त्या सरळ सांगायच्या, येशूसाठी. वारकरी चंद्रभागेकाठी अन्नदान करतो तेव्हा विठ्ठलासाठी करतो, शीख लंगर लावतो तो गुरूसाठी. श्रद्धेतून केलेली सेवा श्रद्धेचं नाव घेणारच. श्रद्धा खरी आहे की नाही, हे मात्र पदरात पडलेल्या माणसाचं काय झालं यावरून ठरतं. रमाबाईंनी स्वतः ख्रिस्ती धर्माची परीक्षा अशीच घेतली होती, फुलहॅमच्या त्या घरात. मग त्यांची परीक्षा आपण वेगळ्या मापाने का घ्यायची?

एक सुचवतो. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगाव फार लांब नाही. आपल्या शाळा-कॉलेजांच्या सहली प्रतापगड, महाबळेश्वरला जातात, जाऊ द्या. एखादी केडगावलाही न्या. मुलींना दाखवा की एका बाईने सव्वाशे वर्षांपूर्वी माळरानावर काय उभं केलं.

आणि घाटात गाडी थांबवून जखमीला उचलणाऱ्या आपल्या पोरांनो, कायदा तुम्हाला ज्या नावाने ओळखतो ते नाव एका परक्या, बाटग्या म्हणून हिणवलेल्या माणसाचं आहे. ते अभिमानाने लावा.

तुमच्या घरात, नात्यात मुक्ती मिशनमध्ये किंवा कर्व्यांच्या आश्रमात शिकलेल्या आजी-पणजीच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. असहमत असाल तरी लिहा, फक्त पोस्ट पूर्ण वाचून.

#खालापूर #कर्जत #बोरघाट #पंडिता_रमाबाई